नववा दिवस

पहिलं वर्षभर त्या गावानं मला फक्त ताप, खोकला आणि खरूज दाखवली. बाळंतपणं माझ्यापासून लपवली जात. मी सरकारी नर्सबाई, वय बावीस, पांढरं पातळ, हातात पत्र्याची पेटी. गाव मालेगावच्या पुढे, डांबरी सडक सोडून दोन कोस आत होतं. तेव्हा वाशीम जिल्हा झालेला नव्हता. पत्त्यावर आम्ही 'तालुका वाशीम, जिल्हा अकोला' असं लिहायचो. ग्रामपंचायतीच्या दोन खोल्यांपैकी एकीत माझं उपकेंद्र होतं आणि राहायला मी बौद्धवाड्यात एक खोली घेतली होती.

माझं माहेर जऊळक्याचं. वडील शेतमजूर. दीक्षा घेतल्यापासून त्यांनी एकच हट्ट धरला होता, की पोरगी शिकेल आणि पगार घेईल. मी शिकले, पगारही घेऊ लागले, पण गावातल्या काही बाया गोळ्या घेताना माझ्यासमोर पदर पसरत. हाताला हात लागायला नको. मी वरून गोळ्या टाकायची आणि पुढच्या बाईला हाक मारायची.

त्यात ते दिवस नसबंदीच्या मोहिमेचे. माझी पेटी लांबून दिसली तरी माणसं शेतात पसार व्हायची. ताप तपासायला गेले तरी घरात फक्त म्हातारी माणसं आणि कोंबड्या भेटत.

शहात्तरच्या हिवाळ्यात एका सकाळी एक बाई स्वतः होऊन उपकेंद्राच्या दारात उभी राहिली. पन्नाशीची, उंच, हिरवं लुगडं, आवाज असा की तीन शेतं पलीकडे ऐकू जावा. पाच एकर कोरडवाहू जमीन, दोन बैल, एक गाय, मुलगा आणि सून असा तिचा संसार होता आणि घरात शब्द तिचाच चाले. पदर पसरून गोळ्या घेणाऱ्यांत तीही असायची.

"नर्सबाई, घरी चाल," ती म्हणाली. "लेकरू दूध पिऊन नाई राह्यलं."

नातू सहा दिवसांचा होता. ओठ आवळलेले, जबडा घट्ट. मी बोटानं तोंड उघडू पाहिलं तर त्याचं एवढंसं अंग कमानीसारखं ताठ झालं. बेंबीवर राखेचा थर होता. नाळ कशानं कापली, असं विचारलं. कोपऱ्यात बसलेली गावची सुईण म्हणाली, "इळ्यानं. नेहमीसारखी." हे सगळं मी ट्रेनिंगमध्ये पुस्तकात वाचलं होतं. धनुर्वात. गावात त्याला आकडी म्हणत आणि कुणाची तरी नजर लागली असं समजत. मोठ्या दवाखान्यात न्यायचं तर आधी सडक गाठायला हवी होती. मी गाडी जुंपायला लावली. गाडी सडकेला लागायच्या आत लेकरू गेलं.

परतीच्या वाटेवर त्या सासूनं लेकराचं तोंड पदरानं झाकलं. मग म्हणाली, "हे तिसरं. पयले दोन बी असेच गेले. सहाव्या नाई तं सातव्या दिसी तोंड बंद होते."

सून माझ्याच वयाची होती. दारातच बसून होती. तिनं मला एवढंच सांगितलं, "बाई, मायं दूध तं अजून वाहून राह्यलं."

याचं काही तरी केलं पाहिजे, हे मला त्या दारात कळलं. काय, ते कळत नव्हतं.

आरोग्य केंद्रात दर महिन्याला आम्हा नर्सांची सभा असे. डॉक्टर तरुण होते, घाईनं बोलायचे, पण प्रश्न विचारला तर चिडत नसत. सभा संपता संपता मी उभी राहिले.

"साहेब, रोग सहाव्या दिवशी येतो. लेकराला जन्मल्या जन्मल्या लस दिली तरी ती कामी यायला काही आठवडे लागतात. मग करायचं काय?"

"आईला द्यायची," ते म्हणाले. "लेकरू पोटात असताना."

त्यांनी हातातल्या कागदाच्या पाठीवर पेन्सिलीनं एक बाई काढली, तिच्या पोटात बाळ, मध्ये दोघांना जोडणारी वार. "रोगाशी लढायची ताकद जन्मानंतर येते असं आपण समजतो," ते म्हणाले, "पण तिची तयारी फार आधी सुरू होते. पहिल्या काही महिन्यांतच बाळाच्या यकृतात रक्ताच्या पेशी तयार होऊ लागतात, पुढे ते काम हाडांतल्या मगजात चालतं. छातीच्या हाडामागे एक ग्रंथी असते. मोठ्या माणसात ती आक्रसते, बाळात चांगली मोठी असते. तिथं काही पेशी शिकतात, आपलं कोणतं आणि परकं कोणतं. जन्मापर्यंत हे सगळं जागच्या जागी असतं. पण त्या पेशींनी रोग पाहिलेला नसतो. पहिल्यांदा गाठ पडली की त्यांना तयारीला वेळ लागतो आणि धनुर्वात तेवढा वेळ देत नाही."

"मग?"

"मग आईचं कामी येतं. आईच्या रक्तात ज्या रोगाच्या अँटिबॉडी आहेत त्या वारेतून बाळाच्या रक्तात जातात. शेवटच्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त. पण आईजवळ असतील तर जातील ना? धनुर्वाताच्या आपोआप होत नाहीत. त्यासाठी तिला दोन सुया द्यायच्या, महिन्याच्या अंतरानं. पहिलीनं शरीराला ओळख पटते, दुसरीनं ते जोमानं कामाला लागतं. आणि दुसरी बाळंतपणाच्या तोंडावर देऊन चालत नाही. काही आठवडे हातात पाहिजेत."

लस आली की शिश्या मिळतील, असं त्यांनी सांगितलं. मी तो कागद मागून घेतला आणि घडी करून पेटीत ठेवला.

पुढची दिवाळी झाली तेव्हा मला स्वतःला चौथा महिना लागला होता. माझा नवरा जऊळक्याकडच्या एका शाळेत मास्तर होता. शनिवारी शाळा सुटली की सायकलनं यायचा. मी त्याला डॉक्टरांचं चित्र दाखवलं, छातीतली ती ग्रंथी आणि तिथं शिकणाऱ्या पेशी समजावून सांगितल्या. तो खूश झाला. "म्हंजे आपलं लेकरू आतापासूनच शाळेत बसलं म्हन!" दर शनिवारी आल्या आल्या तो विचारायचा, हजेरी लागली का म्हणून.

त्याच सुमारास लसीच्या शिश्या केंद्रात आल्या. रुंद तोंडाच्या थर्मासात बर्फ भरून, त्यात शिशी ठेवून मी ती गावात आणायची. आणि त्याच सुमारास मला कळलं की ती सून पुन्हा पोटुशी आहे. पाचवा महिना. मी त्याच दिवशी त्यांच्या घरी गेले.

"सुई?" सासू कडाडली. "सुई नाई पायजे. एकदा सुया पायल्या आमी सरकारच्या."

"ते नसबंदीचं होतं, माय. हे येगळं हाय. हे लेकराच्या जिवासाठी हाय."

"लेकरू हिच्या पोटात, सुई हिच्या दंडात. दंडातलं पोटात कसं जाते? मले येडी समजते का तू?"

"वारेतून जाते."

"वारेतून रगत जाते, हे मले बी ठाऊक हाय. दवाई कशी जाईन?"

असं म्हणत ती गोठ्यात गेली. गाय आदल्याच सकाळी व्यायली होती. सासूनं वासराची मान धरून त्याचं तोंड आचळाशी नेलं, ते सटकलं तसं पुन्हा नेलं, तिसऱ्यांदा नेलं. माझ्याशी भांडता भांडता तिचे हात थांबत नव्हते.

"काहून एवढं पाजून राह्यल्या, माय?" मी विचारलं.

"काहून म्हंजे? चीक भेटला नाई तं वासरू हागून हागून मरते. कोनाले बी इचार."

"अन् सुनेचा चीक?"

"तो पिळून फेकाव लागते. बाईचा चीक जड. तीन दिस लेकराले गुळाचं पानी द्याव."

गाईचा चीक वासराला जगवतो आणि बाईचा लेकराला जड पडतो, हे कसं? आणि डॉक्टर म्हणतात तसं पोटातच सगळं मिळत असेल, तर वासराला चिकाशिवाय का भागत नाही? त्या बाईसमोर मोघम बोलून निभणार नव्हतं.

पुढच्या आठवडी बाजाराला मी मालेगावला गेले ती थेट जनावरांच्या दवाखान्यात. बैलांची रांग लागलेली, आणि तिच्यात पांढऱ्या पातळातली मी. एक जण म्हणाला, "बाई, तुमचा दवाखाना तिकडं हाय." सगळे हसले. माझी पाळी आली तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी माझ्या मागे जनावर शोधलं.

मी प्रश्न सांगितला. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. "कुणी हे विचारत नाही हो," ते म्हणाले, आणि उभ्या उभ्या समजावून सांगितलं. गाईची वार अशी की तिच्यातून अँटिबॉडी पार होत नाहीत. वासरू त्या बाबतीत रिकामं जन्मतं. म्हणून त्याला पहिल्या काही तासांत चीक मिळालाच पाहिजे. एक दिवस उलटला की त्याची आतडी ते रक्तात घेईनाशी होतात. बाईची वार वेगळी. ती जन्माआधीच बाळाला देऊन ठेवते.

"अन् बाईचा चीक? तो जड असतो का?"

"कोण म्हणतं? तोसुद्धा पाजायचा. लेकराच्या आतड्यांना त्याचा आधार असतो."

सडक सोडल्यावरचे दोन कोस मी कशी चालले ते मला आठवत नाही. वाटेत केंद्रातून थर्मासात शिशी घेतली होती. घरीसुद्धा गेले नाही. सरळ त्या अंगणात शिरले. सासू पाच-सहा बायांसोबत मूग निवडत बसली होती. सून दाराशी उभी होती. मी पेटी खाली ठेवली आणि म्हणाले, "माय, तुमचा प्रश्न घेऊन मी मालेगावले जाऊन आली. गाय जे चिकातून देते ते बाई वारेतून देते. वासरू जन्मल्यावर घेते, आपलं लेकरू जन्माच्या आधी."

सासूचे हात थांबले. गाईंचं तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिनं मनातल्या मनात ते तपासलेलं मला दिसलं. मग तिनं मान वर केली.

"मंग माह्या सुनेनं काहून नाई देल्लं? तिघाले बी नाई देल्लं?"

सुनेनं खाली पाहिलं.

"तिच्यापाशी नोतंच, माय," मी म्हणाले. "कोनापाशीच नसते. माह्यापाशी बी नाई. आकडीशी लढाचं बळ सुईनंच येते. तिनं काई कमी केलं नाई. तिचा काडीचा दोष नाई."

सून माझ्याकडे पाहू लागली. तीन लेकरं गेली त्या वर्षांत हे वाक्य तिला कुणी म्हटलं नव्हतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

मी त्यांच्याच चुलीवर पाणी ठेवलं, काचेची सिरिंज आणि सुया उकळल्या. थर्मासातून शिशी काढली. "मले बी चौथा महिना हाय," मी म्हणाले. "पयली सुई मी घेते. तुमच्यासमोर." आणि उजव्या हातानं डाव्या दंडात सुई टोचून घेतली. दुसऱ्याला टोचताना मला कधी काही वाटत नसे. स्वतःला टोचताना मात्र हात दोनदा मागे आला.

बाया पाहत होत्या. सासू उठली, जवळ आली, शिशी हातात घेऊन उजेडाकडे धरली.

"पानी असन यात."

"पानी नाई, माय."

"तू सरकारची बाई. तुह्या शिशीत काय हाय, तुलेच ठाऊक. मले टोच. याच शिशीतून."

"तुमाले कायले?"

"मी म्हातारी. मायं काय बंद व्हाचं राह्यलं?"

बाया खो खो हसल्या. सून पदरात तोंड लपवून हसली; मी तिला त्याआधी हसताना पाहिलं नव्हतं. सासूनं चोळीची बाही वर सरकवली आणि आपला दंड माझ्या हातात दिला. मी तो धरला, बोळ्यानं पुसला, सुई दिली. आपल्याला माझा हात लागला हे तिच्या ध्यानात आलं की नाही, मला माहीत नाही. माझ्या आलं.

"पुढच्या मंगळवारी ये," ती म्हणाली. "हात जागेवर राह्यला तं सांगतो."

मंगळवारी मी उपकेंद्राचं कुलूप काढायला गेले तर ती पायरीवर बसलेली. शेजारी सून आणि आणखी चार पोटुशा बाया. मला पाहताच उभी राहून तिनं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "दोन दिस हात वर नाई गेला माहा! गाठ आली होती, अशी! पानी असतं तं दुखलं असतं का? असल दवाई हाय. घे, हिले टोच."

सुईनंतर दंड दुखला की लोक माझ्यावर रागावायचे. त्या दिवशी पहिल्यांदा दुखणं माझ्या बाजूनं बोललं. पाचही बायांना मी सुई दिली आणि नावापुढे तारीख लिहिली.

दुसरी सुई महिन्यानं द्यायची होती. तेव्हा कापूस वेचणी जोरात होती आणि एकही बाई दिवसा गावात नव्हती. मग मीच शेतात गेले. थर्मास, स्टोव्ह, पातेलं, सगळं घेऊन. बांधावर बाभळीच्या आडोशाला सिरिंज उकळली. कमरेला बांधलेल्या ओटीत कापूस तसाच ठेवून बाया एकेक करून आल्या. सून शेवटी आली. सुई झाल्यावर ती थोडा वेळ तिथंच बसली.

"आता लेकराले गेलं असन?"

"जात राहाते. रोज थोडं थोडं. आता शेवटचे तीन महिने जोरात."

तिनं पोटावर हात ठेवला. बाळ हललं असावं, कारण ती एकदम म्हणाली, "घेऊन राह्यलं वाटते."

विळा बंद करायचं काम सासूनंच केलं. मी नवं पातं आणि दोरा घेऊन सुईणीकडे गेले तेव्हा ती म्हणाली, माझ्या हातानं गाव जन्मलं, मला काय शिकवता. तिचं खरंच होतं; अडलेली बाई सोडवण्यात तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता आणि मी तिला तसं सांगितलंही. सासू मागून आली आणि म्हणाली, "इळा माह्या उंबऱ्याच्या आत आनला तं पाय. हे पातं उकळजो अन् राख चुलीतच ठेवजो." सुईणीनं पातं घेतलं.

होळीनंतर चार दिवसांनी, भर दुपारी, मला बोलावणं आलं. माझा आठवा चालू होता. खाली बसलं की उठताना भिंत लागायची, म्हणून मी आणि सुईण मिळून ते बाळंतपण केलं; वाकायचं काम तिचं, पाहायचं माझं. पातं उकळलं, हात साबणानं धुतले. सुईणीनं नाळ नव्या पात्यानं कापली, उकळलेल्या दोऱ्यानं बांधली, आणि सवयीनं हात चुलीकडे गेला तो स्वतःच मागे घेतला. मुलगी झाली.

सासू दाराबाहेर होती. पोट्टा का पोट्टी, हे तिनं विचारलंच नाही. तिनं विचारलं, "तोंड उघडते का?"

आतून मुलीनं टाहो फोडला.

"चीक फेकू नोको वं!" सासू बाहेरूनच ओरडली. "पाज! आताच पाज!"

पुढचे आठ दिवस त्या घरात मोजत काढले. मी रोज सकाळी जायची. बेंबी कोरडी आहे का पाहायची, मुलीच्या ओठांना बोट लावायची. ती बोट चोखायला लागली की माझा श्वास सुटायचा. पाचव्या दिवशी सून बोलेनाशी झाली. सहाव्या दिवशी सकाळी मी त्यांच्या गल्लीत वळले. डॉक्टरांचं चित्र, जनावरांच्या डॉक्टरांचं बोलणं, सगळं मला पाठ होतं. पण त्या घरानं तीन वेळा हाच दिवस पाहिला होता. मी भिंतीला धरून उभी राहिले. आणि तेवढ्यात त्या घरातून रडण्याचा आवाज आला. भुकेचं रडणं, रागावलेलं, खणखणीत.

सासू उंबऱ्यावर बसली होती. तिनं मला हातानं थांबवलं. "आयक," ती म्हणाली. "थांब, लगेच पाजू नोको म्हन तिले. जरा आयकू दे."

सातवा दिवस गेला. आठवा गेला.

नवव्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते तर बाहेर गलका ऐकू आला. दारात येऊन पाहते तो सासू जुन्या लुगड्याच्या धडप्यात नातीला गुंडाळून गावभर निघाली होती. मागे बाया, पोरं, सुईणसुद्धा. प्रत्येक दारापुढे ती थांबायची, मुलीच्या ओठांवर करंगळी फिरवायची, मुलगी आ करायची आणि ही ओरडायची, "पाय! पाय कसं तोंड वासते!"

कुणी तरी म्हणालं, "पोट्टीच तं झाली."

ती गरकन वळली. "पोट्टी झाली तं काय झालं? नऊ दिसाची हाय! माह्या नातवंडायत नऊ दिसाचं कोनी झालंच नोतं."

अशी ती गाव ओलांडून बौद्धवाड्यात आली. त्या घरातलं कुणी त्याआधी तिथं आलेलं मला माहीत नाही. माझ्या खोलीत वाकून शिरली, बाजेवर बसली, नातीला माझ्या मांडीवर दिलं. माझ्या पोटामुळे मांडी उरली नव्हती; मुलगी माझ्या पोटाला टेकून पडली आणि आतून माझ्या लेकरानं लाथ मारली.

"पानी दे," सासू म्हणाली. "गाव फिरून घसा सुकला."

मी माठातलं पाणी दिलं. तिनं तांब्या तोंडाला लावला आणि खाली ठेवला तो रिकामाच. दारात माझ्या शेजारणी जमल्या होत्या. मग माझ्या शेजारणीनं चहाचं आधण ठेवलं आणि सगळ्यांनी चहा घेतला.

एप्रिलच्या उन्हात माझं बाळंतपण त्याच खोलीत झालं. पातं उकळून झालं तरी सुईण मला कळांच्या मध्ये विचारत होती, "बाई, अजून उकळू का?" मुलगा झाला. त्याला छातीवर घेतलं तेव्हा मला हसू आलं. एवढासा जीव, मुठी आवळलेला, डोळेही नीट न उघडणारा. आणि त्याच्या रक्तात माझ्या दोन सुयांचं फळ आधीच पोचलेलं. नवरा सायकल दारात टाकून धावत आला आणि त्यानं विचारलं, "पास झाला का?"

रजा संपवून मी कामावर आले तेव्हा केंद्रात त्रिगुणी लस आली होती, घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तिन्हींवरची, लेकरांना द्यायची. त्या वर्षी सुया घेतलेल्या बायांपैकी एकीचंही लेकरू आकडीनं गेलं नव्हतं. आता मला कुणाच्या घरी जाऊन समजवावं लागत नव्हतं. केंद्रातून लस घेऊन येताना एस.टी. उशिरा आली म्हणून पहिल्या मंगळवारी मी दुपार टळल्यावर पोहोचले, तर पंचायतीच्या ओट्यावर बाया रांगेनं बसलेल्या, कुणी पोटुशी, कुणी कडेवर लेकरू घेतलेली. "नर्सबाई, काहून उशीर केला?" असं त्यांनी मला रागावून विचारलं, आणि मला ते फार गोड वाटलं.

रांगेत पुढे ती सून होती. सासूला घरी ठेवून एकटी आली होती. मुलगी चार महिन्यांची, गुटगुटीत, माझ्या थर्मासाला हात घालत होती. मी सिरिंज भरताना तिला सांगायला सुरुवात केली की आईकडून आलेलं हळूहळू ओसरतं, आता लेकराला स्वतःचं—

"ठाऊक हाय," ती मध्येच म्हणाली. ती मागे वळली आणि रांगेतल्या नव्या पोटुश्या बायांना तिनंच सांगितलं, आवाज सासूसारखा चढवून, "मायनं देल्लं किती दिस पुरन? थोडे महिने. मंग लेकराचं लेकरानं कमवाव लागते. त्यासाठी हे सुई."

मग तिनं मुलीची मांडी उघडी करून माझ्यासमोर धरली. मुलगी तोंड वासून रडली, आणि आम्ही दोघी हसत होतो.